एकशे सत्तावीस दात्यांचं चाक

शाळेत आम्हा मुलींना स्वयंपाकाचा तास होता,
मुलांना धातुकामाचा.
स्कोन भाजायला टाकून मी खिडकीशी जायची.
पलीकडच्या शेडमध्ये पोलादाची साल निघत असायची,
निळी, वेटोळी, बटाट्याच्या सालीसारखी अखंड.
माझे स्कोन करपले.
प्रगतिपुस्तकात शेरा आला : नेस्टाचं लक्ष नसतं.
लक्ष होतं.

आता एकसष्ट सरली.
सव्वीस वर्षं पावाची व्हॅन चालवली
ब्लायनाय फेस्तिनिओगच्या चढउतारांवर.
परसातली कोळशाची खोली रिकामी केली :
वर पाटीच्या दगडाचं छप्पर, आत दिवा एक, प्लग दोन,
जमिनीवर खडूने आखलेली जागा, चार फूट बाय दोन.
एवढीच जागा, बेताचे पैसे,
आणि लेथ कुठला घ्यावा
हा प्रश्न हिवाळाभर पुरला.

नवा मिळतो. लाल, खोक्यात बंद,
दोघांनी उचलावा इतका हलका.
भाचा म्हणतो, हाच घे मावशी, वॉरंटी आहे.
हलका ही तारीफ नव्हे, गेथिन.
लेथ थरथरला की कापत नाही,
कुरतडतो.

मग इद्वाल प्रिदर्खचं गॅरेज.
खाणीच्या डब्यांचे बुश कातण्यात
एकतीस वर्षं गेलेला माणूस.
किंमत सांगेना. आधी चहा.
मग म्हणाला, बघा काय बघायचं ते.

चकमध्ये दांडा धरला, डायल गेज टेकवला, दांडा वर उचलला.
काटा हलला न हलल्यासारखा.
हँडल उलट फिरवलं, पाव फेरा रिकामाच गेला.
'तेवढं चालायचं,' तो म्हणाला,
'माझ्या गुडघ्यात याहून जास्त आहे.'

मग बेडवरून बोट फिरवलं, टेलस्टॉकपासून चककडे.
टेलस्टॉकशी अजून कारखान्यातल्या घासणीच्या खुणा,
कोणी नजर न लावल्यासारख्या.
आणि चकजवळ, वीतभर,
नखाला अडेल अशी एक पायरी.
'सगळे तिथेच काम करतात,' तो म्हणाला.
'लांबचं टोक कोणी वापरत नाही.
मीही नाही.'
कोणाच्या तरी घरात न विचारता शिरल्यासारखं वाटून
मी बोट काढून घेतलं.

परतताना गाडीत हिशेब केला.
नव्यातही खोट असणारच,
ती कुठे ते कळायला मला दोन वर्षं लागतील.
याची खोट पहिल्याच दिवशी बोटाला सापडली,
आणि ती कोणाच्या हातची तेही ठाऊक आहे.
गेथिन म्हणाला, हा काही हिशेब नव्हे.
बरोबर आहे त्याचं.

सुटा करून आणला, पाच खेपांत.
पावाच्या ट्रेवर चक, ब्लँकेटात मोटर.
बेड उचलायला चौघं लागले,
त्यातला एक चॅपलमध्ये खर्जात गाणारा,
त्याच्या तोंडून त्या दिवशी जे निघालं ते स्तोत्र नव्हतं.
मागच्या दाराची चौकट काढावी लागली.
अजून लावलेली नाही.

तर आता आहे तो. बिडाचा, हिरवा, मुका.
हत्यारांना पैसे उरले नाहीत, हेही खरं.
जॅमच्या बरणीतली गिअरची चाकं मोजली तर एक कमी,
एकशे सत्तावीस दात्यांचं :
ज्याच्यावाचून इंचात विचार करणाऱ्या लेथला
मिलिमीटरचे आटे नेमके जमत नाहीत.

काल इद्वालचा फोन.
सापडलं म्हणे. किटलीखाली होतं,
बायको होती तेव्हापासून.
टपालाने पाठवा म्हटलं, तर नको,
रविवारी स्वतः घेऊन येतो.
लेथ लेव्हलला बसवलाय का?
नाही अजून.
मग थांबा, माझी लेव्हल आणतो,
तोवर कशाला हात लावू नका.

मी लावते.
सकाळी चहाच्या आधी चक हाताने फिरवते,
एक फेरा,
काहीच न कापता.